तीन महिने चाललो, काटा का हलेना?

परभणीच्या कृषी विद्यापीठातले रस्ते पहाटे साडेपाचपासून जागे होतात. दोन्ही बाजूंना झाडं, वाहनं मोजकी, कुत्रीसुद्धा ओळखीची. आमच्या गल्लीतले एक काका, नोकरीतून निवृत्त झालेले, तिथे नेमाने येतात. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, म्हणून गल्लीत मला फुकटचा डॉक्टर समजतात. मागच्या आठवड्यात फेरी संपल्यावर टपरीवर त्यांनी मला गाठलं.

"सर, तीन महिने झाले चालायलोय. एक दिवस खाडा नाही. अन् काटा बघा, ब्याऐंशीचा एक्याऐंशी. मग कशाला पाय झिजवायचे?"

हे बोलताना त्यांच्या एका हातात सुशीलाची, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांची, प्लेट होती. वर शेव, कडेला दोन मिरची भजे. दुसऱ्या हातात चहा, आपल्याकडे असतो तसा, चमचा उभा राहील इतका गोड.

मी म्हणालो, "काका, नुसत्या चालण्यानं वजन फारसं उतरत नाही."

"मग बंद करू म्हणता?"

"अजिबात नाही. काट्यासाठी चालू नका, एवढंच म्हणतोय."

त्यांना ते पटलं नाही, आणि टपरीवर उभ्या उभ्या पटवण्यासारखं ते नव्हतंही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी हिशेब. ऐंशी किलोचा माणूस पाऊण तास बऱ्यापैकी वेगात चालला, म्हणजे साधारण चार किलोमीटर, तर नुसतं बसून राहण्यापेक्षा त्याच्या सुमारे १५० कॅलरी जास्त खर्च होतात. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे जवळजवळ ७,७०० कॅलरी. भागाकार करा, पन्नास दिवसांच्या वर जातो. म्हणजे बाकी काहीही न बदलता रोज चाललं, तरी कागदावर तीन महिन्यांत पावणेदोन किलो. आणि वजनकाटा तर पाणी, मीठ, रात्रीचं जेवण, सकाळी पोट साफ झालं की नाही, एवढ्यावरही किलोभर इकडे तिकडे होतो. म्हणजे काकांचा एक किलो खरा की खोटा, हेही काट्याला सांगता येणार नाही.

आता दुसरी बाजू. तेलाचा एक ग्रॅम म्हणजे नऊ कॅलरी. पोह्याचा एक मोठा चमचा भरून तेल पोटात गेलं की सव्वाशे कॅलरी झाल्या. भज्यांनी किती तेल प्यायलं ते कढईलाच ठाऊक. पाऊण तासात मिळवलेलं टपरीवर पाच मिनिटांत परत केलं जातं. वजन कमी करायचं तर मुख्य काम ताटातच करावं लागतं. व्यायाम त्याच्या जोडीला येतो, त्याच्याऐवजी येत नाही.

पण गोष्ट एवढ्या भागाकारावर थांबत नाही, कारण शरीर हे काही गणिताचं पुस्तक नव्हे. ते शेतकऱ्याच्या घरासारखं वागतं.

आपल्याकडे पूर्वी ज्वारी पेवात ठेवायचे. जमिनीत खोल खड्डा, आत कडबा-भुसा, वर माती. सुगीला भरायचं आणि गरज पडली तरच फोडायचं. चरबी म्हणजे अंगातलं पेव. १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला विचारा, पेव कोणी हौसेनं फोडत नसे. आधी घरातला खर्च कमी व्हायचा. दोनची एक भाकरी व्हायची, पाहुणे-रावळे बंद, लग्न पुढच्या साली. शरीरही असंच करतं. व्यायामाने खर्च वाढला की ते दुसरीकडे हात आखडतं. दुपारी जरा जास्त पडावंसं वाटतं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालाही स्कूटी निघते, आणि रात्री "आज चाललोय ना" म्हणून भाकरीचा एक चतकोर जास्त जातो. यातलं काहीच आपण ठरवून करत नाही.

हर्मन पाँट्झर या अमेरिकी शास्त्रज्ञाने २०१२ मध्ये टांझानियातल्या हाड्झा लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे लोक आजही शिकार करून, कंदमुळं खणून, मध काढून जगतात. पुरुष दिवसाला अकराएक किलोमीटर चालतात, बायका सहाएक. त्यांचा रोजचा एकूण ऊर्जाखर्च मोजला, तर शरीराच्या आकारमानाचा फरक वजा केल्यावर तो खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकी माणसाइतकाच निघाला. हालचालीवर जास्त जातं तेव्हा शरीर आतल्या आत कुठेतरी काटकसर करतं, असा पाँट्झरचा अर्थ. ही काटकसर नेमकी किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण व्यायाम दुप्पट म्हणजे वजनातली घट दुप्पट, असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब शरीर मांडत नाही, एवढं नक्की.

मग व्यायाम करतो तरी काय? इथे मला काकांना थोडं थांबवून बसवावं लागलं, कारण खरी मजा इथून पुढे आहे.

जेवणानंतर रक्तात साखर येते. ती पेशींत नेण्याचं काम इन्सुलिनचं. पोट सुटलेल्या माणसात पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात. इन्सुलिन दारावर थाप मारतं, आतून कडी निघत नाही, साखर बाहेर ताटकळत राहते. मधुमेहाची सुरुवात ती हीच. आता गंमत अशी, की स्नायू काम करत असला तर तो इन्सुलिनची वाट पाहत नाही. आकुंचन-प्रसरणाच्या धक्क्यानेच त्याची साखर आत घेणारी दारं पृष्ठभागावर येतात. म्हणजे चालताना तुमच्या पोटऱ्या आणि मांड्या मागच्या दाराने साखर आत ओढतात. व्यायाम संपल्यावरही साधारण दिवसभर स्नायू इन्सुलिनचं जास्त ऐकतात. दोन दिवस खाडा पडला की तो गुण ओसरतो. म्हणून रविवारी एकदम दहा किलोमीटर चालण्यापेक्षा रोजचं थोडं बरं.

आपल्या म्हाताऱ्यांनी या गोष्टीला फार आधी नाव देऊन ठेवलंय, शतपावली. रात्री जेवून लगेच अंथरुणावर न पडता अंगणात फेऱ्या. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालल्याने साखरेची उसळी कमी राहते, हे आता मोजूनही पाहिलेलं आहे. शंभर पावलं थोडी कमी पडतात, हजारभर घाला. मला विचाराल तर पहाटे उठणं जमतच नसेल, तर रात्रीची शतपावली एवढी एकच गोष्ट धरा.

वजन न उतरताही फायदा होतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला, त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना सुमारे तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास चालायला आणि खाण्यात बदल करायला लावलं, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. आणि या दुसऱ्या गटाचं वजन? त्यात म्हणावी अशी घट झालीच नव्हती. काकांसारखं कोणी त्यांच्यात असतं आणि काट्याकडे बघून घरी बसलं असतं, तर किती गमावलं असतं ते बघा.

काटा फसवतो हे आपल्या लोकांच्या बाबतीत तर फारच खरं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा फोटो छापला. दोघं शेजारी उभे, दोघंही सडपातळ, दोघांचाही बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबी. हातपाय काड्या आणि मध्ये पोट. आपल्या गल्लीत अशी माणसं मोजायला लागलो तर बोटं पुरायची नाहीत. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३च्या वर गेला की जास्त धरतात, आणि कंबर पुरुषाची ९०, बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी म्हणतात. शिंप्याकडची टेप घ्या, श्वास सोडा, पोट आत न ओढता बेंबीच्या आसपास मोजा. पोट आत ओढून मोजलं तर फसवायचं कोणाला?

व्यायामाने ही पोटातली, यकृताभोवतीची आणि यकृतातली चरबी कमी होते, पुष्कळदा एकूण वजन फारसं न बदलता. रक्तदाब जास्त असलेल्यांचा वरचा आकडा नियमित चालण्यासारख्या व्यायामाने साधारण ५ ते ८ अंकांनी खाली येतो. झोप सुधारते. मन हलकं होतं, हे मी नुसतं लिहितोय, पण ज्यांनी अनुभवलंय त्यांना माझ्या लिहिण्याची गरज नाही.

एक जुनी गोष्ट मला फार आवडते. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांना होणाऱ्या हृदयविकाराची तुलना केली. एकच खातं, सारखी वस्ती, फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडायला दिवसाला पाच-सातशे पायऱ्या चढणार. १९५३ मध्ये निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, झाला तरी उशिरा आणि सौम्य. त्यावर शंका निघाली, की मुळात जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील. तेव्हा या लोकांनी काय करावं? खात्याने शिवून दिलेल्या गणवेशाच्या विजारींची मापं काढली. ड्रायव्हरांच्या कमरा खरंच मोठ्या निघाल्या. पण पुढे दिसलं ते असं, की बारीक असो की ढेरपोट्या, कंडक्टर त्याच अंगाच्या ड्रायव्हरपेक्षा बरा. शरीर हलतं राहण्याचा फायदा कमरेच्या मापाहून वेगळा होता. मॉरिस स्वतः व्यायाम करत ९९ वर्षं जगले. आपल्या एसटीच्या कंडक्टरला वर चढायला मजला नाही, पण सुट्टीच्या दिवशी परभणी-नांदेड गाडीत मागपर्यंत तिकिटं काढत जाणं हाही एक प्रकारचा व्यायामच म्हणायचा.

आता चरबी जाते कुठे? मी वर्गात दरवर्षी हा प्रश्न विचारतो. "घामातून", "उष्णता होऊन", "शौचातून", अशी उत्तरं येतात. खरं उत्तर, श्वासातून. दहा किलो चरबी जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी हा हिशेब मांडला तेव्हा डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनाही विचारलं होतं, बहुतेकांचं उत्तर चुकलं. तेव्हा पोटाला प्लास्टिक गुंडाळून एप्रिलच्या उन्हात पळणारी पोरं घालवतात ते फक्त पाणी, तांब्याभर प्यायलं की परत. पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटाचीच चरबी जात नाही, पोटाचे स्नायू तेवढे बळकट होतात. चरबी कुठून आधी काढायची हे शरीर ठरवतं, आणि थरथरणारा पट्टा विकणाऱ्याला ते विचारत नाही.

लग्नसराईत आणखी एक प्रकार चालतो. महिनाभर फक्त काकडी आणि लिंबूपाणी. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात आणि घरभर आनंद. त्यातला मोठा भाग पाण्याचा. स्नायूत आणि यकृतात साठवलेली साखर आधी संपते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे तीनएक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, ते जातं. पुढे उतरतं त्यात चरबीबरोबर स्नायूही जातो, नुसत्या उपाशीपणात उतरलेल्या वजनाचा पाव हिस्साभर. लग्न पार पडतं, जेवण पूर्ववत होतं, परत येते ती चरबी. स्नायू आपोआप परत येत नाही. दोनदा असं केलं की वजन तेच आणि अंग आधीपेक्षा कमजोर.

व्यायामाची वजनाच्या बाबतीतली खरी कामगिरी इथे आहे. एक, कमी खाऊन वजन उतरवताना जोर-बैठकांसारखे ताकदीचे व्यायाम स्नायू वाचवतात. दुसरी, उतरलेलं वजन पुन्हा चढू न देणं. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंदवही ठेवली आहे, ज्यांनी चांगलं भरघोस वजन उतरवलं आणि टिकवलंही. त्यांच्यात सरासरीने रोज तासाभराच्या आसपास शारीरिक हालचाल आढळते, आणि बहुतेकांचा व्यायाम म्हणजे चालणं. उतरवायला ताट, टिकवायला पाय, असं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "हे कळलं."

"आम्ही रानात राबतोत, आम्हाला कशाला व्यायाम?" हा प्रश्न माझ्या गावाकडून हटकून येतो. तो बरोबर आहे आणि चूकही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात कामातली, घरातली, येण्याजाण्यातली सगळी हालचाल धरली जाते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बीडच्या ऊसतोड बाईला किंवा दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या मजूर बाईला "रोज चालत जा" म्हणणं ही थट्टा आहे. तिला पोटभर डाळ, अंडं, दूध आणि पाठ टेकायला वेळ हवा. पण शेतमालकाचं तसं राहिलेलं नाही. पूर्वी रात्री लाइट आली की बॅटरी घेऊन बांधाबांधाने विहिरीवर जावं लागायचं, आता मोबाइलवरून स्टार्टर पडतो. बैल गेले, ट्रॅक्टर आला. शेतात जायला मोटारसायकल, आणि शेतातही मोटारसायकलवर बसूनच देखरेख. ताटातली भाकरी मात्र राबत्या माणसाच्या मापाचीच राहिली, उलट भाकरीची जागा पुष्कळ घरांत भात-पोळीने घेतली. काम अंगातून निघून गेलं, भूक राहिली.

किती करायचं? आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. २०२० च्या जागतिक मार्गदर्शनात हेच आकडे आहेत. मध्यम म्हणजे बोलता येतं पण अभंग म्हणता येत नाही एवढी धाप. चार मित्र गप्पा मारत, दर दहा पावलांना थांबून राजकारण करत चालतात, त्याला मी फेरफटका म्हणतो. नसण्यापेक्षा बरा, पण मिनिटं त्यात मोजू नका. याखेरीज आठवड्यात दोनदा ताकदीचं काम. जिम लागत नाही. बैठका, भिंतीला हात लावून जोर, पाच लिटरचे दोन भरलेले कॅन उचलणं. साठीच्या पुढे एका पायावर उभं राहायचा सराव, भिंतीजवळ. मांडी घालून जमिनीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, हे जमतंय का ते आज रात्री बघा. काकांना जमलं नाही. मला जमलं, पण गुडघा बोलला.

मराठवाड्यात उन्हाळ्याचा मुद्दा सोडता येत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, तेव्हा सकाळी सातच्या आत घरात, नाहीतर सूर्य बुडाल्यावर. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखर किंवा गोड गोळ्या-बिस्किटं ठेवा, रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते. बूट घाला, चपला नाही, आणि घरी आल्यावर तळपाय बघा. मधुमेहात फोड आलेला कळत नाही. चालताना छातीत दडपण आलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर "गॅस असेल" म्हणत फेरी पूर्ण करायची नाही. तिथेच थांबून दवाखाना गाठायचा. गुडघे दुखत असतील तर सायकल आहे, खुर्चीवरून ऊठ-बस आहे.

हे सगळं काकांना एका बैठकीत सांगितलं नाही, आठवडाभर तुकड्या-तुकड्याने सांगितलं. काल टपरीवर त्यांनी सुशीला घेतला, भजे नाही. चहात साखर तेवढीच होती, मी बोललो नाही. उठताना पँट सावरली आणि पट्ट्याचं टोक मला दाखवलं. जुन्या भोकाभोवती चामडं लांबट ताणलेलं, आणि त्याच्या आत सरळ रेषेत नसलेलं एक नवं भोक.

"हे कधी केलं?"

"महिना झाला. खिळ्यानं पाडलं. पँट घसरायली होती."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"मी काट्याचं विचारलं होतं, पट्ट्याचं कुठं?" असं म्हणाले आणि हसत दुसऱ्या फेरीला निघाले.